दिवंगत कर्मचाऱ्याचे खाते पुसण्याच्या कामातून वगळणेबाबत

प्रति,
मा. मुख्य संगणक अधिकारी,
संगणक कक्ष, सार्वजनिक रुग्णालय.

विषय : दिवंगत कर्मचाऱ्याचे संगणकावरील खाते पुसण्याचे काम अन्य कोणाकडे सोपविणेबाबत.

संदर्भ : १) प्रोग्रामिंग भाषेची नवी आवृत्ती बसविण्याबाबतचे आपले परिपत्रक. २) माझे तीन अर्ज. ३) आपले कालचे ज्ञापन.

महोदय,

१. मी डायलिसिस विभागात नोंदणी लिपिक आहे. विभागात सहा खुर्च्या व छत्तीस रुग्ण आहेत. कोणी कोणत्या दिवशी, कोणत्या खुर्चीवर बसायचे याची यादी एक प्रोग्राम काढतो. तो विभागाच्या तंत्रज्ञ बाईंनी लिहिला होता. तो प्रोग्रामिंग भाषेच्या ज्या जुन्या आवृत्तीवर चालतो ती त्यांनी स्वतःच्या खात्यात बसविली होती व ती आवृत्ती संगणकाने कुठे शोधावी याचा मार्ग सेटिंगमध्ये तिथलाच दिला होता. गेल्या महिन्यात त्यांचे निधन झाले.

२. त्यानंतर परिपत्रकानुसार नवी आवृत्ती बसली, मार्ग बदलला व बाईंचे खाते कुलूपबंद झाले. प्रोग्राम नव्या आवृत्तीवर चौदाव्या ओळीतच थांबतो. खाते उघडण्यासाठी मी अर्ज केला. "अर्जावर खातेदाराची सही नाही," असे उत्तर आले. दुसऱ्या अर्जास मृत्यूचा दाखला जोडला. दाखल्यावरही खातेदाराची सही मागण्यात आली. तिसऱ्या अर्जावर, खातेदाराने ओळखपत्रासह समक्ष यावे, असा शेरा आहे. अर्जात नात्याचा रकाना आहे. त्या माझ्या पत्नी होत्या.

३. दरम्यान मी यादी हाताने केली. गेल्या आठवड्यात मंगळवारी एका खुर्चीवर दोन नावे पडली आणि एक निवृत्त बसचालक यादीतून सुटले. ते दाराशी बाकावर बसून होते. "भाऊ, माझं नाव कुठं गेलं?" एवढेच त्यांनी विचारले. त्यांचे पाय सुजून चपलेत मावत नव्हते. गुरुवारी त्यांना श्वास घेता येईना म्हणून अतिदक्षता विभागात हलवावे लागले.

४. त्याच दिवशी मी पत्नीच्या वहीतला पासवर्ड घेऊन आपल्या कक्षात आलो. आपल्या कनिष्ठ अभियंत्यांनी माझ्याकडे पाहिले, खात्याचे कुलूप काढले व ते चहाला गेले. त्यांच्यावर कारवाई होऊ नये. दोष माझा आहे. मी जुनी आवृत्ती विभागाच्या सामाईक फोल्डरमध्ये हलविली. मार्ग बदलण्यासाठी सेटिंगची फाइल उघडली, तेव्हा वर एक टीप दिसली : "हा मार्ग बदलण्याआधी मला विचारा." विचारणे शक्य नव्हते. मी मार्ग बदलला. यादी निघाली. बसचालक शनिवारी खुर्चीवर होते; आता बरे आहेत.

५. कालच्या ज्ञापनात, 'सदर प्रोग्राम आता आपणच हाताळत असल्याने' खाते शुक्रवारपर्यंत मी पुसावे, असा आदेश आहे. आदेश योग्य आहे. आता त्या खात्याची विभागास गरज नाही, म्हणून माझे तिन्ही अर्ज रद्द समजावेत. काल चार वेळा बसलो. 'नक्की पुसायचे का?' असे संगणक विचारतो आणि हात पुढे जात नाही. कामात कुचराई करण्याचा हेतू नाही.

तरी हे काम दुसऱ्या कोणाकडून करवून घ्यावे. काम झाल्याचे मला कळविण्याची आवश्यकता नाही.

आपला नम्र,
(सही)
नोंदणी लिपिक, डायलिसिस विभाग
दि. १४, बुधवार

सोबत : पासवर्डचे बंद पाकीट.