उणे तांदूळ

चिंचपाडा,
सोमवार, दुपार

आदरणीय प्रिस्किलाताई यांना पौलसचा प्रभूमध्ये सलाम.

लखनभाऊंनाही सलाम सांगावा. त्यांचा खोकला घाटातल्या थंडीने वाढला असेल, तर त्यांनी पहाटे फिरायला जाऊ नये, आणि गेलेच तर तुम्ही दिलेला मफलर खिशात न ठेवता गळ्यात घालावा. तुमची साखर ताब्यात असेल अशी आशा करतो. आम्ही इकडे देवाच्या कृपेने बरे आहोत. (माझा उजवा गुडघा सोडून. त्याच्याविषयी पुढे लिहावे लागणार आहे, कारण तो आता धंद्यात आला आहे.)

फोन न करता पत्र का लिहिले, असे तुम्ही म्हणाल. मागच्या वेळी फोनवर तुम्ही "हॅलो" म्हणालात, मी "हो" म्हणालो, आणि मग रेंज गेली असे समजून आपण दोघांनीही ठेवून दिला. रेंज गेली नव्हती, ताई. मला काही सुचले नव्हते. हन्ना होती तेव्हा फोनवरचे सगळे बोलणे तिच्याकडे होते, माझ्याकडे फक्त चार्जिंग होते. टपाल खात्यात इतकी वर्षे दुसऱ्यांची पत्रे लावण्यात गेली, तेव्हा स्वतःचे एखादे लिहायला हरकत नसावी.

दानियल आईच्या मातीला सुरतहून आला आणि महिनाभर राहिला, हे तुम्ही पाहिलेच. जाण्याच्या आदल्या दिवशी त्याने मला समोर बसवले आणि विचारले, "पप्पा, आईची खानावळ चालवायची की बंद करायची? बंद करून आमच्याकडे सुरतला येता का?" मी म्हणालो, "बघू." तो म्हणाला, "बघू म्हणजे हो की नाही?" मी म्हणालो, "बरं." तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. (हे कपाळाला हात लावणे त्याला हन्नाकडून आले आहे.) मग म्हणाला, "तुम्ही बोलत नाही, मी विचारू शकत नाही, मग निदान आकड्यांना तरी बोलू द्या." आणि त्याने आपला जुना लॅपटॉप उघडून एक्सेलची शीट तयार केली. सुरतेला त्याचे कामच ते आहे. कोणत्या गावी साड्यांच्या किती पेट्या पाठवायच्या हे तो अशाच शीटवर ठरवतो, आणि बरोबर ठरवतो. साडी उरली तर दुसऱ्या दिवशीही साडीच राहते, हा विचार माझ्या मनात आला होता, पण मी बोललो नाही.

शीट अशी आहे. आज किती ताटे बनवली, किती गेली, किती उरली, तांदूळ किती लागला, नवापूरचा बाजार आहे का, पाऊस आहे का, असे रकाने. ते भरले की उद्या किती ताटांचा स्वयंपाक करायचा ते शीट सांगते. आणि अगदी खाली कोपऱ्यात एक चौकोन आहे. तो हिरवा असेल आणि त्यात "चालू ठेवा" असे असेल तर खानावळ चालू ठेवायची. तीन महिन्यांनी तो लाल होऊन "बंद करा" म्हणाला, तर कुलूप लावून मी सुरतला जायचे. दानियलने मला एक गोष्ट मात्र नीट शिकवली. कोणत्याही चौकोनावर बोट ठेवले की वरच्या पट्टीत आतले दिसते. तिथे सुरुवातीला बरोबरचे चिन्ह असेल तर तो आकडा हिशोबातून आला आहे. चिन्ह नसेल तर तो माणसाने हाताने लिहिला आहे. "हिशोबाच्या चौकोनाला हात लावायचा नाही," असे त्याने दोनदा सांगितले. मी बरे म्हणालो.

आता हन्नाच्या पद्धतीविषयी दोन शब्द लिहितो, म्हणजे माझ्याकडून अन्याय होणार नाही. ती गेल्यापासून लोक म्हणतात की तिचा अंदाज कधी चुकत नसे. ताई, तो रोज चुकत असे. ती रोज जास्त शिजवायची, आणि मग ओट्यावर उभी राहून रस्त्याने जाणाऱ्याला हाका मारायची. पेशंटचे नातेवाईक, ट्रकवाले, एकदा तर ती आमच्यासमोरच जेवणाचा डबा काढून बसलेल्या माणसालाही आत घेऊन आली. मी काही म्हणालो तर म्हणायची, "उरलेलं अन्न म्हणजे यायचा राहिलेला पाहुणा." तेव्हा शीट आली याचे मला वाईट वाटले नाही. मला तर बरे वाटले की आता कोणीतरी कमी शिजवायला सांगेल.

पण शीटने पहिल्याच रविवारी जे सांगितले ते पाहून एस्तेरने हातातला झारा खाली ठेवला. (एस्तेर म्हणजे हन्नाच्या हाताखाली स्वयंपाक शिकलेली, आता स्वयंपाकघर तीच सांभाळते. ती आमच्या बोलीत बोलते, मी शाळेच्या मराठीत लिहितो.) ती म्हणाली, "भाऊ, एवढी ताटं? दवाखाना आणि स्टेशन दोन्ही आपल्याकडे जेवायला येणार आहेत काय?" मी म्हणालो, शीट म्हणते. नवापूरहून कांदे-बटाटे घेऊन जब्बार आला होता, त्याने पोती उतरवता उतरवता विचारले, "पोस्टमास्तर, तुमना कंप्युटरले भूक लागनी का काय? इतला कांदा कसाले?" (मी पोस्टमास्तर कधीच नव्हतो, पण तो ऐकत नाही.)

दुपार झाली, नेहमीची माणसे जेवून गेली, आणि दोन मोठी पातेली भात आणि तुरीची डाळ तशीच राहिली. तेव्हा एस्तेरने मला न विचारता एक काम केले. ती चर्चच्या दाराशी जाऊन उभी राहिली आणि उपासना सुटल्यावर सगळ्यांना म्हणाली, "पौलसभाऊंकडे जेवण आहे, चला." आता हन्नाला जाऊन जेमतेम महिना झालेला. लोकांनी काय समजायचे ते समजले. दुःखाच्या घरी आपल्याकडे कोणी रिकाम्या हाताने जात नाही हे तुम्हाला माहीत आहे. सगळे आधी आपापल्या घरी गेले आणि फडक्यात तांदूळ बांधून आले. कोणी पायली, कोणी अर्धी पायली. आधी गीते झाली, मग प्रार्थना, मग आणखी एक लांब प्रार्थना. रतिलाल नावाचा एक विमा एजंट नुकताच येऊन लोणचे मागण्याच्या बेतात होता. तो बिचारा हातात ताट घेऊन प्रार्थना संपेपर्यंत उभा राहिला, आणि जाताना माझा हात धरून म्हणाला, "फार वाईट झालं." अजूनही तो आला की आधी माझे सांत्वन करतो, मग लोणचे मागतो.

संध्याकाळी मी प्रामाणिकपणे शीट भरली. सकाळी होता त्यापेक्षा तांदूळ आता जास्त होता. तांदूळ येण्याचा रकाना शीटमध्ये नव्हता, फक्त लागण्याचा होता. तेव्हा एवढ्या लोकांना जेवू घालून लागलेला तांदूळ उणे आला. मी फाइल पाठवली. सकाळी दानियलचा फोन.

"पप्पा, तांदूळ मायनस कसा? शिजवल्यावर तांदूळ वाढतो का?"

मी म्हणालो, "हो."

मग एस्तेरने माझ्या हातून फोन घेतला आणि सगळे सांगितले. तेव्हा दानियलच्या लक्षात आले की चूक मुळात आहे. शीटला शिकवण्यासाठी त्याने ज्या महिन्याचे आकडे घातले होते तो हन्ना गेली तो महिना होता. एस्तेर स्वयंपाकघरातून निघणाऱ्या प्रत्येक ताटाची पाटीवर रेघ मारते, आणि त्या महिन्यात अर्धा नवापूर तालुका आमच्याकडे बसायला आला होता. तुम्ही स्वतः आठवडाभर होतात, म्हणजे तुमच्याही रेघा त्यात आहेत. शीटला वाटले ही सगळी गिऱ्हाइके आहेत आणि रोज येणार आहेत. दानियल म्हणाला, "तो महिना काढून टाकतो." मग बराच वेळ काही बोलला नाही. मीही बोललो नाही. (आमच्यात हे चालते.) शेवटी म्हणाला, "काढत नाही. बाजूला ठेवतो." त्याने सुधारून पाठवलेल्या फाइलमध्ये तो महिना वेगळ्या पानावर आहे, आणि त्या पानाला त्याने "आई" असे नाव दिले आहे.

त्यानंतर शीट बरी चालली. मग गुडघा आला. दानियलने सांगितले होते की जे जे दिसेल ते लिहा, शीटला जितकी माहिती द्याल तितकी चांगली. मी टपाल खात्यातला माणूस, लिहा म्हटले की लिहितो. ढग, बकरी आत आली, दिवे गेले, उजवा गुडघा दुखला, सगळे लिहिले. महिन्याभरात शीटने शोध लावला की पावसाने फरक पडत नाही, बाजाराने थोडा पडतो, पण ज्या दिवशी माझा गुडघा दुखतो त्या दिवशी हमखास जास्त ताटे जातात. दानियल मला समजावू लागला, "पप्पा, गुडघा दुखतो म्हणून गिऱ्हाईक येत नाही. गिऱ्हाईक जास्त येतं, तुम्ही जास्त फिरता, म्हणून गुडघा दुखतो." मला ते पटले. एस्तेरला पटले नाही. ती रोज सकाळी चूल पेटवण्याआधी दारातून ओरडते, "भाऊ, गुडघा कसा आहे? भात किती टाकू?" दवाखान्यात निघालेली माणसेही आता चौकशी करतात. जब्बारने तर परवा मला खिशातून बाम काढून दिला आणि लगेच परत घेतला. म्हणाला, "नको, धंदा बसी जाई."

एवढे सगळे झाले, तरी तो कोपऱ्यातला चौकोन आजपर्यंत हिरवाच राहिला आहे. तांदूळ उणे झाला त्या दिवशीही. मला वाटते त्याला जरा उशिरा कळते. पण येत्या रविवारी तीन महिने पुरे होतात, दानियल सुरतेहून येतो आहे, आणि त्या दिवशी चौकोन काय म्हणेल ते शेवटचे. गेले दोन आठवडे ताटे कमी जात आहेत. मी काय करावे हे तुम्हाला विचारत नाही. फक्त कळवले. मुलगा चांगला आहे, सूनबाई प्रेमळ आहे, सुरतचा फ्लॅट उजेडाचा आहे. तिथे ओटा नाही, एवढेच.

लखनभाऊंना पुन्हा सलाम. प्रार्थनेत आठवण असावी.

आपला नम्र,
पौलस

ता. क. रविवारी तुमच्या मंडळीतल्या बाया रिकाम्या असतील तर एक जीप भरून त्यांना आमच्याकडे जेवायला आणता येईल का? घाट उतरून अख्खा जिल्हा ओलांडायचा आहे हे मला कळते, म्हणून आग्रह नाही. पण दानियल पोहोचायच्या आधी जेवणे झाली तर बरे. तांदूळ कृपया कोणीही आणू नये. त्याने शीट बिघडते. आणि दानियलशी तुम्ही बोलावे. मला सुरतला जायचे नाही. हे मी त्याला सांगू शकलो नाही, तुम्हालाही पत्र संपल्यावर सांगतो आहे.

ता. क. २. पाकीट चिकटवण्याआधी माझ्या मनात एक विचार आला. जीप घाटात अडकली तर? म्हणून मी शीट उघडली. चौकोनातला हिशोब पुसून तिथे हाताने "चालू ठेवा" लिहून टाकावे, म्हणजे रविवारी तो बदलणार नाही, असा बेत होता. (हे दानियलला कळवू नये.) चौकोनावर बोट ठेवले. वरच्या पट्टीत बरोबरचे चिन्ह नाही, ताई. हिशोब नाहीच. नुसते "चालू ठेवा" लिहिलेले आहे. पहिल्या दिवसाच्या फाइलमध्येही पाहिले, तेच आहे. रंगसुद्धा त्याने हातानेच भरला आहे.

ता. क. ३. तरी जीप आणाच. दानियलला काही बोलू नका, मीही बोलणार नाही, त्याला सवय आहे. आणि तांदूळ आणायला आता हरकत नाही. एस्तेरला मी आत्ताच सांगितले, रविवारी गुडघा दुखणार आहे.