सालीसकट

प्रिय ठमाबाई,

तुझा दंतवैद्य दोन दिवस राहून गेला. तुझी आई त्याच्यावर भलतीच खूश आहे, कारण त्याने दोनदा वाढून घेतलं आणि तिची दाढ फुकटात तपासली. मी एवढ्यावर पाघळणारा नाही. तू जाताना बजावलं होतंस, बाबा, तुमच्या होकाराशिवाय मी लग्न ठरवणार नाही, पण त्याला नीट पारखा, उगाच खुसपटं काढत बसू नका. म्हणून पारखायला त्याला जंगलात नेलं. मी दुसरीकडे कुठे नेणार?

पहिल्याच झाडाशी त्याने दगडफुलाला शेवाळ म्हटलं. मी दुरुस्त केलं. दुकानात चष्म्याच्या काचा घासणारा माणूस मी, तरी हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, कपाटात आज माझ्या नमुन्यांची पाकिटं आहेत, आणि हे मी कुणाच्या वर्गात बसून शिकलेलो नाही, हेही त्याच्या कानावर घातलं. हात मात्र त्याचा चांगला. वाळलेलं दगडफूल बोट लागताच चुरतं. आधी पाणी शिंपडायचं, मऊ पडू द्यायचं, मग सुरी लावायची, हे एकदाच सांगावं लागलं. एका जुन्या ओकच्या झाडावर काळ्या काठाच्या इवल्या वाट्यांचं एक राखाडी दगडफूल त्यालाच दिसलं. त्या झाडाजवळून मी कितीदा गेलो असेन! जरा झोंबलंच. त्याने सालीसकट छोटासा तुकडा काढला, बाकीचं झाडावर राहू दिलं.

घोळ झाला तो घरी. मी दुकान बंद करून येतो, तर स्वारी खिडकीशी, हातात आपलं दातांचं हत्यार, आणि नमुना लख्ख! मागची साल त्याने कण न् कण खरवडून टाकली होती, दातांवरचं किटण काढावं तशी. वर शाबासकी मिळेल म्हणून माझ्याकडे बघतोय. अगं, ते कशावर वाढलं होतं, तो पुरावाच गेला! मी बोललो, जरा जास्तच बोललो. तुम्ही लोक दाढ उपटून हिरडीचा पत्ता विचाराल, म्हटलं. आईने डोळे वटारले. तो "चुकलं, काका," एवढंच म्हणाला.

सकाळी बघतो तर गडी गायब. रुसून गेला, असं आईने माझ्याच माथी मारलं. जेवायच्या वेळेला चिखलाने माखून परत आला. त्याच ओकची, त्याच जागेशेजारची सालीची कपची आणली होती. दगडफुलाला पुन्हा हात लावला नाही, थोडंच उरलंय म्हणाला. कपची वेगळ्या कागदात गुंडाळून पाकिटात घातली आणि लेबलवर लिहिलं, 'मूळ साल माझ्याकडून खरवडली गेली. ही त्याच झाडाची, नंतर आणलेली.' खाली सही. मी म्हटलं, अरे, चिकटवून टाकली असतीस तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. तर म्हणतो कसा, पण काका, उद्या कुणी त्यावर अभ्यासाला बसला तर तो फसेल ना.

त्यानंतर मी बराच वेळ भिंग पुसत बसलो.

हे फोनवर मला धड सांगता येणार नाही, म्हणून लिहितोय. माझा होकार आहे, मनापासून. हा माणूस तुझ्या बाबतीतही चुकेल, पण तुझ्यापासून लपवणार नाही, आणि मला एवढं पुरे. त्याला मात्र इतक्यात सांगू नकोस. रविवारी डोंगर चढायला पुन्हा बोलावलंय. चढ संपेपर्यंत जरा धाकात राहू दे. वर पोचलो की मीच सांगेन.

तुझाच,
(आईच्या मते बराच निवळलेला) बाबा