कॅमेरा कोणत्या वयाला विकावा

३ मार्च, सोमवार
संकल्प : ऑफिसात संतापायचं नाही. सकाळच्या चहाआधीच मोडला. जाहिरात विभागातली नवी मुलगी मीटिंगमध्ये म्हणाली, आपला कॅमेरा विशीतल्यांना विकायचा. साहेबांनी मान डोलावली. अहो, विशीतल्यांच्या तळहाताला फोन चिकटलेला, तो सोलून काढणार कोण? खरा ग्राहक पन्नाशीचा. पैसा, सवड, संयम, रसिकता. उदाहरणार्थ, मी. साहेब म्हणाले, पुढच्या सोमवारी सिद्ध करा, नाहीतर मोहीम तिच्याकडे.

५ मार्च
कॅमेरा घरी आणला. पन्नाशीचे फोटोच बोलतील. बायको म्हणाली, आधी चार्ज करा. मला शिकवते.

६ मार्च
चार्ज केला. मेनूची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. चष्मा लावला तर अक्षरं दिसतात, पण डोळा कॅमेऱ्याच्या बघायच्या खिडकीला टेकत नाही. काढला तर डोळा टेकतो, अक्षरं अंतर्धान. डिझाइन करणारा विशीतलाच असणार. गाढव.

८ मार्च
समवयस्कांची चाचणी. मेव्हण्याने विचारलं, भाऊजी, यात कॉल कुठून घ्यायचा? बायकोचा भाऊ, म्हणून नुसता ओरडलो. शेजारचे दंतवैद्य मात्र जाणकार. मी मेव्हण्यावर ओरडत असतानाच त्यांनी माझा फोटो टिपला, मोठा करून पाहिला आणि म्हणाले, खालची डावी दाढ काढावी लागेल. म्हणजे चित्र सुस्पष्ट. इति सिद्धम्.

१० मार्च
मी काढलेल्या सगळ्या फोटोंत धुकं. स्पष्ट एकच, दाढ. पडद्यावर भिंतभर. मुलगी म्हणाली, काका, बरं वाटत नाही का? काका!
साहेबांचा निर्णय : विशी नाही, पन्नाशीही नाही. सहा ते दहा वर्षांची मुलं, आणि त्यांच्यासाठी गोदामात पडून असलेलं सोपं मॉडेल. मोहीम तिच्याकडे. खोक्यावरचा मजकूर मी लिहायचा, तोही सोप्या भाषेत. ज्याने अमरकोश पाठ केला त्याने लिहायचं, ‘बटण दाबा, गंमत बघा’. राजीनामा द्यावा म्हणतो. उद्या.

१२ मार्च
राजीनाम्याआधी दोष काढू म्हणून त्या पोरखेळाचा नमुना घरी आणला. पिवळाधम्मक. बटणं बिस्किटाएवढी. अक्षरं चष्म्याविना दिसतात, हा योगायोग. बायकोचा फोटो काढला. ती म्हणाली, लग्नापासून पहिल्यांदा माझं डोकं सबंध आलंय. फोटो निघाला की आतून आवाज येतो, ‘शाबास बाळा’. एवढ्या नोकरीत साहेब एकदाही म्हणाले नाहीत.
माझं मत कायम आहे. निषेध म्हणून आणखी फोटो काढतो आहे.