दादरचं पोतं घेऊन जिंकली

रविवार, दिवेलागण

दुपारी भुसावळचे नाना आले, हरलेल्या पोराचे आजोबा, त्यालाही सोबत घेऊन. चपला काढायच्या आधीच म्हणाले, "अक्का, तुमनी नात हलकी शे, म्हनीसन जिंकनी!" सकाळी मेहरूणच्या तलावावर लहान इंजिनच्या बोटींची शर्यत आमच्या वैशालीनं मारली, त्याचंच त्यांना दुखत होतं. असा राग आला मला, चहासुद्धा टाकणार नव्हते. पण खोटं तरी काय बोलले? इंजिन सगळ्यांचं सारखं बघतात, माणसाचं वजन कोण बघतं? आणि पोर तर नुसती काडी.

वैशालीनं नानांच्या नातवाला आमच्या कापसाच्या काट्यावर उभं केलं, मग स्वतः चढली. जितकी कमी भरली तितकी दादर ज्वारी माझ्या कोठीतून पोत्यात ओतली अन् म्हणाली, "चला नाना, परत लावू."

पोतं बोटीत बांधून गेली माय! हातभरानंच जिंकली, पण जिंकली. ज्वारी भिजली, भिजू दे. अशी नात कुणाची आहे, सांगा!

नाना म्हणाले, "आता आधी काटा, मग शर्यत." मोठ्या इंजिनच्या बोटवाल्यांनाही आमच्या काट्यावर चढवायला येत्या रविवारी घेऊन येणार आहेत.