सुमनचा होकार

८ फेब्रुवारी १९७९
…तेव्हा मी तांदूळ निवडत होते. स्टोव्हवर पाणी, शाळकरी सुमन वेणीसाठी मागे लागलेली. अर्धी दाढी तशीच ठेवून हे म्हणाले, "पोरीला शिकू दे हं. मध्येच उजवू नकोस." बस, एवढंच. साधी सकाळ होती.
आज भाऊजींनी स्थळ आणलं म्हणून आठवलं. सिन्नरचा मुलगा, कारखान्यात कारकून. रविवारी बघायला येणार. सु.चं बी.ए.चं शेवटचं वर्ष.

९ फेब्रु.
वाचनालयातली इंग्रजी कादंबरी. कोश मांडीवर, तरी पुढे सरकतेय. त्या मुलीचा बाप गेला, घर चुलतभावाला. मोठ्या इस्टेटवाल्यानं मागणी घातली तर नाही म्हणाली! सगळ्या बायका तुटून पडल्या तिच्यावर. विलायतेच्या कसल्या, आमच्या गल्लीतल्याच. पण तिला निदान विचारलं तरी. सु.ला कोण विचारणार?

११ फेब्रु.
बघून गेले. हे गेल्यापासून शुभकार्यात मी पुढे येत नाही. कुंकू लावायला जाऊबाई. मी आत शिरा ढवळत. मुलाची आई, "चाल बरं जरा." मग, "परीक्षेच्या आधीच उरकू. पुढे शिकून काय करायचंय?" भाऊजी, "आमचा होकारच समजा."
ते गेल्यावर विचारलं, सुमे, तुझं काय? बशा गोळा करत राहिली. मग, "मुलगा वाईट नाही गं आई. पण परीक्षा देणार. नंतर नोकरी करणार. चालत असेल तर हो, नाहीतर नाही."
एका दमात बोलली. ह्यांनी ऐकायला हवं होतं.

१२ फेब्रु.
भाऊजींना सांगितलं. "वहिनी, आपण मुलीकडचे. अटी कसल्या घालता? असला निरोप मी नेणार नाही."
जाऊबाई, "मडमांची पुस्तकं वाचून हे असं होतं."
म्हटलं, मडमांच्या जावाही हेच बोलतात, वाचलंय मी. हसल्या. मग हसल्याचा राग आला त्यांना.

१४ फेब्रु.
काल द्वारकेच्या थांब्यावरून सिन्नरची एस.टी. धरली. एकटीच. मुलाच्या आईसमोर बसून सु.चं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. "तुमच्या मुलालाही विचारा," म्हटलं. दिलेला चहा प्यायले आणि परतीची गाडी धरली. उत्तर काय यायचं ते येवो, सु.चा होकार तिच्याच शब्दांत पोचला.