समुद्राकडे तोंड करा

७ नोव्हेंबर, शुक्रवार
चाळीस वर्षांपूर्वी रत्नागिरीला, भाट्याच्या वाळूत मी आणि हे उकडलेल्या शेंगा सोलत बसलो होतो. सूर्य समुद्रात बुडाला. हे म्हणाले, चल, भाजी घ्यायचीय. एवढंच. वाट ह्यांना ठाऊक असायची, मी मागून चालायचे.

हे गेल्यावर कुवेतला, मुलाकडे, जयदीपकडे आले. पाच महिने झाले. इथे फिंतासच्या रस्त्यावर अजून एकटी उतरले नाही. भीती नव्हे, ऊन.

संकल्प: डिसेंबरपासून नातीला, जुईलीला, स्कूलबसवरून मीच आणणार. नीरजा म्हणाली, आई, आधी एकदा जमियापर्यंत पायी जाऊन दाखवा, मग बघू. जमिया म्हणजे इथलं सुपरमार्केट. सून माझी परीक्षा घेणार!

१४ नोव्हेंबर
बिल्डिंगमधल्या चार मुलांना नकाशे शिकवायला घेतले. कॉन्व्हेंटमध्ये मला भूगोलाचं बक्षीस होतं. (अक्षरासाठी. पण वही भूगोलाची.) सोपा नियम दिला: समुद्राकडे तोंड करा. समोर पश्चिम, उजवा हात उत्तर. जुईली म्हणाली, ओके आजी.

२० नोव्हेंबर
उद्या चौघांना घेऊन जमिया. जयदीप म्हणाला, गेटपासून सरळ उत्तरेला, दहा मिनिटं. फोन नेणार नाही. नकाशा असताना फोन म्हणजे कॉपी करणं. झोप लागेना म्हणून नकाशा पुन्हा काढला. चहा जास्त झाला.

२१ नोव्हेंबर, दुपारी १
सकाळी नऊला निघालो. गेटवरच सात वर्षांचा क्षितिज म्हणाला, आजी, सूर्य तर समुद्रावर आहे, मग तो ईस्ट ना? म्हटलं, परदेशात थोडं वेगळं असतं. तो म्हणाला, रिअली? जुईलीने त्याला दटावलं, माय आजी हॅज अ प्राइझ.

उजव्या हाताला पाऊण तास चाललो. जमिया हलवली असावी. सगळ्या इमारती एकाच रंगाच्या. क्षितिज रडू लागला. मी रामरक्षा सुरू केली, मध्येच सिस्टरांची प्रेअर लागली. एका शिवणकामाच्या दुकानातून झुलेखा नावाची बाई बाहेर आली. म्हणाली, माताजी, घर कहाँ है?

बिल्डिंगचं नाव आठवेना. नीरजाचा नंबरही. जुईलीने माझा हात घट्ट धरला आणि दोन्ही घडाघडा सांगितली.

नीरजा गाडी घेऊन आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसती म्हणाली, आई, इथे समुद्र पूर्वेला आहे.

२२ नोव्हेंबर
वर्ग बंद. मुलं तयार झाली आहेत.

वाटणी अशी. नकाशे क्षितिजला, मागची बाजू कोरी आहे, चित्रं काढेल. फळा आणि खडू जुईलीला, पुढचं ती शिकवेल. स्कूलबसवर जायचं काम क्षितिजच्या आईला, सुहासिनीला. तिला कालच सांगून झालंय म्हणे. नीरजाने पत्ता आणि फोन लिहून गळ्यात घालायची कार्डं केलीत, पाच. चार मुलांना.

पाचवं मला.