मोहाखाली सोडवलेला पेपर

प्रिय बाई,

तुम्ही रिटायर होऊन गेल्या अन् शाळेच्या कपाटाची चावी माझ्याकडे आली. तुमच्या चौथीच्या वर्गातली ही पोरगी आता तुमच्याच खुर्चीवर बसते. आज पहिल्यांदा तुमच्यावर संशय आला, म्हणून लिहून राह्यली. रागावू नका. नाई, रागावा वाटलं तं!

कपाटात जुना गठ्ठा सापडला. संकलित चाचणी दोन, इयत्ता चौथी, गणित. त्यात माझं नाव! पन्नासपैकी अडतीस. बाई, त्या चाचणीले मी शाळेत नव्हतीच. घरचे सारेच मोहफुलं वेचायला जंगलात होते, मीबी. मग हा पेपर कोणी सोडवला? अक्षर तं तुमचं आहे!

याच गुणांवर तुम्ही मले पाचवीले आश्रमशाळेत पाठवलं होतं ना? साऱ्यांचेच पेपर घरी बसून लिहिले काय? साहेबाले प्रगती दाखवायला?

मायले विचारलं. ती हसलीच. "अवो, बाई तं मोहाखाली येऊन बसल्या होत्या. त्या विचारे, तू वेचता वेचता सांगे, अन् त्या लिहून घे. तुले आठवत नाई काऊन?"

आठवलं! एका टोपलीत इतके, तं पाच टोपल्यांत किती, असं विचारत होत्या तुम्ही. मले वाटलं, गप्पा मारायला आल्या. माझीच मले लाज वाटली.

पण पेपर पुन्हा पाहिला. शेवटी एक भागाकार. बरोबर! पाच गुण. बाई, मले तं सहावीपर्यंत भागाकार येत नव्हता! आश्रमशाळेतले सर म्हणत, "चौथीत येत होता, मंग आता काऊन येत नाई? आळशी झाली!" मी वर्गात उभी राहून रडली. मले तो कोणी शिकवलाच नाई, हे कोणाले कळलंच नाई. तुमची माया होती, मले माहीत आहे. पण त्या पाच गुणांनी माझं नुकसान केलं, बाई. काऊन दिले?

आता माझ्या वर्गातली सुमन मोहावर गेली आहे. परवा गुण ऑनलाइन भरायचे आहेत. वरून फोन आला, "मॅडम, कोरं ठेवू नका, काहीतरी भरून टाका."

उद्या सकाळी पेपर घेऊन मी तिच्या मोहाखाली जाते. ती सांगेल तेवढंच लिहीन. भागाकार तिले येत नाई, तिथं शून्य देईन. अन् मोह सरला की पहिले तोच शिकवीन. हा माझा शब्द, बाई.

तुमचीच,
तेहेतीस गुणांची सरिता